तीन गुणांचा ब्राझील

महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं दहावीला बसतात आणि 2018 साली नवं पुस्तक आल्यापासून या सगळ्यांचा ब्राझीलशी घरोबा आहे. पुस्तकभर भारत आणि ब्राझील. स्थान-विस्तार दोघांचा, हवामान दोघांचं, नद्या दोघांच्या, लोकसंख्या दोघांची. परिणाम असा, की अ‍ॅमेझॉनच्या काठावरच्या मॅनॉस शहराचं तापमान महिनावार सांगू शकणारी माणसं जगात सर्वांत जास्त कुठं असतील, तर ती बहुधा बारामती, बार्शी आणि बुलढाण्यात. खुद्द मॅनॉसमधल्या माणसाला विचारलं तर तो नुसतं "गरम होतं" म्हणेल. तीन गुणांना तेवढं पुरत नाही.

कल्पना तशी वाईट नाही. तुलना केली की दोन्हीकडचं नीट कळतं, हे आपल्याकडे लग्नं जमवणाऱ्या कोणालाही मान्य होईल. आणि या पुस्तकाची चालही कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचीच आहे. उंची किती? तिकडचं सर्वांत उंच शिखर तीन हजार मीटरच्या आतबाहेर. आमच्याकडे हिमालय, त्यामुळे त्या रकान्यात आम्ही निवांत. जमीन किती? आमच्या अडीचपट. खाणारी तोंडं? आमच्या सातव्या हिश्श्याइतकी. पाण्याची सोय? दारातून अ‍ॅमेझॉन वाहते. असं स्थळ आलं तर मराठी घरात पत्रिकासुद्धा बघणार नाहीत. शिवाय मुलगा फुटबॉल खेळतो.

आमच्या पिढीला ब्राझील नव्हता, टुंड्रा होता. चंद्रपूरकडची मुलं, पारा चव्वेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना, एस्किमो इग्लूत ऊब कशी टिकवतात हे घाम पुसत पाठ करायची. गवताळ प्रदेश विचारले की प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड, डाउन्स अशी पाच खंडांतली कुरणं एका दमात यायची. शाळेच्या मागं जे माळरान होतं, जिथं धनगराची मेंढरं बसायची आणि आम्ही क्रिकेट खेळायचो, ते गवताळ प्रदेशात मोडतं असं कोणी म्हणालं नाही. ते पुस्तकात नव्हतं, म्हणून ते नुसतं मागलं रान.

जोडनाव इतिहास-भूगोल, पण मान कायम इतिहासाला. इतिहासाच्या सरांना आवाज लागतो. भूगोलाच्या सरांना पृथ्वीगोल लागतो, आणि तो कपाटात असतो. कपाटाला कुलूप असतं. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. तपासणीच्या दिवशी गोल बाहेर निघतो, तेव्हा त्यावर अजून सोव्हिएत युनियन एकसंध असतो आणि पृथ्वीचा अक्ष पुस्तकात साडेतेवीस अंशांनी कललेला असला तरी गोलाचा स्क्रू ढिला झाल्यामुळे चांगला पन्नास अंशांपर्यंत गेलेला असतो. त्या हिशेबानं अक्कलकोटलाही बर्फ पडायला हवा.

विषयाचा खरा जीव मात्र 'भौगोलिक कारणे लिहा' या प्रश्नात आहे. इतिहासात कारणं शोधायला गेलं की माणसं सापडतात: कोणी फितुरी केली, कोणी तह मोडला. भूगोलात कोणाचाच दोष नसतो. जे काही आहे ते हवामानामुळे, प्राकृतिक रचनेमुळे आणि वाहतुकीच्या सोयींमुळे. म्हणून हा विषय मनापासून शिकलेला माणूस कोणावर फारसा चिडत नाही. अनुकूल हवामान, कच्च्या मालाची उपलब्धता, मुबलक पाणी, स्वस्त मजूर आणि जवळची बाजारपेठ एवढं पाठ केलं की साओ पावलोची कॉफी, इचलकरंजीचे माग, नाशिकची द्राक्षं आणि कोपऱ्यावरची वडापावची गाडी या सगळ्यांची भरभराट एकाच उत्तरात बसते. पेपर तपासणारे सरही त्याच उत्तरावर पास झालेले असतात, त्यामुळे गुण अडत नाहीत.

आमच्या वेळचा हुकमी प्रश्न म्हणजे, मुंबईत कापडगिरण्या एकवटल्या आहेत. पहिला मुद्दा डोळे मिटून लिहायचा: समुद्र जवळ असल्यानं हवा दमट, आणि दमट हवेत सूत तुटत नाही. 1854 साली कावसजी दावरांनी पहिली गिरणी काढली, मग गिरणगाव उभं राहिलं, कोकण आणि घाटावरची निम्मी घरं त्या दमट हवेवर जगली. 1982 साली संप झाला. पुढे भोंगे बंद पडले आणि चिमण्यांच्या बुडाशी मॉल, मनोरे उभे राहिले. हवा मात्र होती तेवढीच दमट आहे. सूत आजही तुटणार नाही, कातायला कोणी नाही इतकंच. उलट त्या मॉलमध्ये हवेतला दमटपणा काढून टाकण्यासाठी दिवसरात्र यंत्रं चालतात. भौगोलिक कारण जागच्या जागी आणि उद्योग गायब, हे कसं, असा प्रश्न काही पेपरात आला नाही. आला असता तरी अडचणच होती. पाठ केलेल्या पाच मुद्द्यांत जमिनीचा भाव नव्हता.

नकाशा भरणं हा गुण मिळवण्याचा सर्वांत सुखाचा मार्ग. प्लास्टिकचा छाप ठेवला, पेन्सिल फिरवली, की देश तयार. सूची केली नाही तर गुण जातात, म्हणून मुलं आधी सूची करतात आणि मग तिच्यात बसेल तेवढाच भारत भरतात. गोदावरी सहसा चुकत नाही. ईशान्येकडची राज्यं दाटीवाटीनं, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. लक्षद्वीपचं तर काही विचारूच नका. केरळच्या पश्चिमेला पेनातून शाई ठिबकली तरी ते लक्षद्वीप होतं, त्यामुळे तिथला डाग कोणी खोडत नाही. असा नकाशा बिनचूक भरून पास झालेली पिढी आज गाडीत बसते, फोनमधली बाई "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हणते आणि ही मंडळी उजवीकडे वळतात, समोर ओढा दिसत असला तरी.

वेळेचं गणित मात्र आपण पचवलं. एका रेखावृत्ताला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून धरतात, म्हणजे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या 39 मिनिटं मागं. मुंबईनं आपली स्वतंत्र वेळ हट्टानं 1955 पर्यंत कुठं कुठं चालवलीही. ती संपली असं सरकार म्हणतं. 'सायंकाळी ठीक सहा वाजता' असं छापलेला आपला कुठलाही समारंभ सहा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी सुरू होतो, तेव्हा तो उशिरा सुरू झालेला नसतो. प्रमुख पाहुणे स्थानिक वेळेनं आलेले असतात.

भरती-ओहोटीचा धडा सातारा-सांगलीच्या मुलांना अवघड जातो, हे मी समजू शकतो. बशीत पाणी, मध्ये वाटी, भोवती चंद्र म्हणून मोसंबं फिरवूनही फारसा उजेड पडत नाही. पण दापोलीकडच्या मुलालाही तो अवघड जावा? त्याच्या घरी बापाला आणि आज्याला तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास पाणी भरणार, होडी त्या बेतानं काढायची. हाच मुलगा वर्गात 'दोन भरतींमध्ये 12 तास 25 मिनिटांचे अंतर का असते' या प्रश्नाशी झटापट करतो आणि गाइड उघडतो. घरात विद्यापीठ आहे, पण तिथं प्रश्नपेढी मिळत नाही.

असाच प्रकार पावसाचा. प्रतिरोध पर्जन्य समजायला सातारा जिल्ह्यासारखी जागा जगात शोधून सापडणार नाही. पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका, पाचशेच्या आसपास, आणि तेही पावसाच्या मनात असेल तर. मधे फक्त डोंगर आणि काही तासांचा एसटीचा प्रवास. पण दहावीच्या मुलाला पर्जन्यछायेसाठी ईशान्य ब्राझीलला न्यावं लागतं. तिथं अजस्र कड्यापलीकडे एक कोरडा मुलूख आहे, त्याला 'अवर्षण चतुष्कोन' म्हणतात, पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हसवडचा मुलगा हे वाचतो, त्या बिचाऱ्या ब्राझीलकरांविषयी कळवळून तीन गुणांचं उत्तर लिहितो, आणि टँकरचा हॉर्न ऐकू आला की वही मिटून हंडा घेऊन पळतो. ज्यांच्यासाठी तो हळहळला, त्यांच्याकडे त्याच्या गावापेक्षा शंभर मिलिमीटर पाऊस जास्त पडतो. हे पुस्तकात वेगळं सांगितलेलं नाही आणि एका अर्थी बरंच आहे. उगाच कशाला त्यांना आपल्याकडे मदत पाठवायला लावा.

पायाखालच्या भूगोलाची तर आणखी गंमत. पृथ्वीचा गाभा लोखंड आणि निकेलचा आहे, केंद्र 6,371 किलोमीटर खोल आहे, हे आठवीच्या पोराला तोंडपाठ. त्याच पोराच्या शेतात तीनशे फुटांवर पाणी लागेल का, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा. त्यासाठी पाणाड्या येतो. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो, नारळ जिथं उभा राहील तिथं बोअर मारायचं. काळ्या पाषाणाचे थर, त्यातल्या भेगा, मधला मुरमाचा पट्टा, पाणी कुठं थांबतं आणि कुठून निसटतं हे सगळं शास्त्र आहे आणि दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांना ते यायला हवं. ते आम्ही नारळाला शिकवलं.

आता क्षेत्रभेट. दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा हा. त्यात मुलं नळदुर्गहून निघून सोलापूर, पुणे करत अलिबागच्या समुद्रापर्यंत जातात, वाटेत दगड, झाडं, पिकं, घरं बघतात, शिक्षकांना शहाणे प्रश्न विचारतात. राज्यातल्या लाखो मुलांची ही एकमेव भूगोल-सहल, आणि ती बाकावर बसून होते. कारण खरी सहल काढायची म्हणजे पालकांची संमतिपत्रं, एसटीचं बुकिंग, मुलींबरोबर बाई हव्यात, मुलांबरोबर सर हवेत, आणि सरांना त्याच आठवड्यात निवडणुकीचं काम. म्हणून क्षेत्रभेटही पाठच करतात. 'क्षेत्रभेटीसाठी कोणते साहित्य बरोबर न्याल?' उत्तर: नोंदवही, पेन्सिल, मोजपट्टी, होकायंत्र, कॅमेरा, दुर्बीण, प्रथमोपचार पेटी. एवढं साहित्य शेर्पालासुद्धा कोणी देत नाही. 'क्षेत्रभेटीदरम्यान कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल?' याचं उत्तर तर इतकं आदर्श असतं, की जी सहल गेलीच नाही तिच्याइतकी स्वच्छ सहल महाराष्ट्रात आजवर झालेली नाही.

मात्र ब्राझील आपल्याला लांबचा आहे, हा पुस्तकाचा समज मला मान्य नाही. लातूरकडे एका ओळखीच्या घरी दहावीतली मुलगी मोठ्यानं घोकत होती. आजोबा बाजेवर पडून ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "ब्राझीलचं काय म्हणतंय गं बाई?"

"आबा, तिथं कॉफी होते. तांबड्या मातीत. मोठमोठे मळे असतात, त्यांना फझेंडा म्हणतात."

"कॉफीचं राहू दे. औंदा सोयाबीन किती झालंय ते बघ."

"ते पेपरात येत नाही, आबा."

"पेपरात येत नसंल. पट्टीत येतंय."

आबांचं खरं होतं. सोयाबीनच्या उत्पादनात ब्राझील जगात पहिला आहे. तिकडच्या रानात पीक जोरात आलं की इकडे लातूरच्या आडत बाजारात भाव बसतो आणि आडत्या हिशेबाची पट्टी हातात देतो तेव्हा ब्राझीलचं स्थान आणि विस्तार दोन्ही एकदम कळतात. कोल्हापूर-सांगलीकडे हाच ब्राझील साखरेच्या रूपानं भेटतो. तिकडच्या कारखान्यांनी ऊस साखरेऐवजी इथेनॉलकडे वळवला, की आपल्याकडे चेअरमनपासून चिटबॉयपर्यंत सगळ्यांना हायसं वाटतं. आणि तिकडचं पशुधन पाहायला गेलात तर ओळखीचे चेहरे दिसतील: आपली गीर, आपली कांक्रेज, आंध्रची ओंगोल. या जाती इथून नेऊन तिकडे वाढवल्या आणि ब्राझीलची बरीचशी गुरं आज याच वंशाची आहेत. म्हणजे व्याही म्हणायला हरकत नाही. हे सगळं आबांना माहीत होतं, आणि शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. पुस्तकात पिकांची यादी असते, भाव नसतो. आबांकडे भाव होता, फक्त त्याचे गुण मिळत नव्हते. एकाच घरात, एकाच छपराखाली एक ब्राझील बाजेवर आणि एक ब्राझील चटईवर, आणि दोघांची ओळख करून द्यायला कोणी नाही.

दहावीच्या परीक्षेत भूगोल बहुतेक शेवटी येतो. तोवर मुलांचं अर्धं चित्त सुट्टीत असतं. 2020 साली तो 23 मार्चला होता. बाकी सगळे पेपर झाले होते, ब्राझील पाठ झाला होता, छाप आणि रंगपेन्सिली कंपासपेटीत तयार होत्या, आणि कोरोनामुळे पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. गुण दिले गेले ते बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून. म्हणजे ज्याचं बीजगणित चांगलं, त्याला अ‍ॅमेझॉनचं खोरंही चांगलं येतं असं अधिकृतपणे ठरलं. इतका सोपा पेपर मंडळानं ना आधी काढला, ना नंतर.

आणि पेपर रद्द झाल्याबरोबर अख्खं राज्य भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला बसलं. ज्यांनी आयुष्यात अ‍ॅटलास उघडला नव्हता, ते वुहान कुठं आणि लोम्बार्डी कुठं ते बोट ठेवून दाखवू लागले. नववीच्या पहिल्याच धड्यात नकाशाची क्षेत्रघनी पद्धत असते, प्रत्येक जिल्हा त्याच्या आकड्याप्रमाणे रंगवायचा. वर्गात ती कोणाला आवडत नाही. त्या उन्हाळ्यात घरोघरी तोच नकाशा टीव्हीवर: लाल, नारिंगी, हिरवा. आपला जिल्हा नारिंगीतून लाल झाला की घरात जेवण जाईना. जिल्ह्याची सीमा ही चौथीत तुटक रेषेनं काढून खोडण्याची गोष्ट होती. आता ती बांबू आडवे लावून रस्त्यावर उभी होती. पुणे आणि सातारा यांच्या मधून नीरा वाहते, हे वर्षानुवर्षं महामार्गानं ये-जा करणाऱ्या कित्येकांना पुलावर पोलिसांनी ई-पास मागितला तेव्हा कळलं. त्या वर्षी लोक जेवढा भूगोल शिकले तेवढा शाळेच्या साऱ्या वर्षांत शिकले नव्हते, आणि तो विसरलेही तितक्याच वेगानं. पास बंद झाला, नीरा पुन्हा नुसता एक पूल झाली.

शाळा सुटल्यावर मराठी माणसाचा भूगोलाशी संबंध खरेदीखतात येतो. त्यात चतुःसीमा लिहावी लागते: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. इथं कारणं चालत नाहीत आणि 'कोणतेही दोन' लिहून भागत नाही. चारही दिशा लागतात आणि एक चुकली तर तीन पिढ्या कोर्टात जातात. उगवतीला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण, हे तिसरीतलं ज्ञान माणूस त्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात, कोणी बघत नाही असं पाहून, हात पसरून ताडून पाहतो. बांध दरवर्षी नांगरटीत वीतभर का सरकतो, याची भौगोलिक कारणं कोणत्याही पुस्तकात नाहीत. अंतर्गत हालचाली आणि बाह्यप्रक्रिया यांपैकी ती कशात मोडतात, हे शेजारी शेजाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

अकरावीत बहुतेकांचा भूगोल सुटतो. विज्ञानवाल्यांचा तर हमखास. जूनमध्ये पुस्तकं निम्म्या किमतीत खालच्या वर्गातल्या मुलाकडे जातात आणि ब्राझील घर बदलतो.

तुमच्याकडे यंदा दहावी असेल तर पेपराच्या आदल्या रात्री मुलाला ब्राझील विचारत बसू नका, तो त्याला येतोच. आपल्या नळाला येणारं पाणी कोणत्या नदीवरच्या कोणत्या धरणातून येतं, एवढंच विचारा. पण विचारण्याआधी उत्तर स्वतः शोधून ठेवा, कारण मूल उलट तुम्हालाच विचारणार.